घड्याळाच्या हाताकडे

स्टेशनाबाहेर एक मोठा फलक आहे. या शहरात पाहण्यासारखं काय काय आहे ते त्यावर रंगवून ठेवलंय. सगळ्यात वर तळं आणि तळ्यातल्या पायांनी चालवायच्या होड्या. त्याखाली टेकडी, तिच्यावरून दिसणारा सूर्यास्त. मग पक्ष्यांचा पिंजरा, भाड्याच्या सायकली, आणि अगदी तळाशी, जिथं प्रवासी पाय टेकवून बुटाच्या नाड्या बांधतात तिथं, भुलभुलैया. तिथला रंग उडालाय. लहान शहराला स्वतःबद्दल फार काही सांगायचं नसतं, आणि जे असतं त्यातलंही थोडं असं गुडघ्याखाली जातं.

डावेकाकांचं सगळं आयुष्य त्या शेवटच्या ओळीत गेलं.

डावेकाका हे त्यांचं नाव नव्हे. बागेच्या मागच्या अंगाला पुरुषभर उंचीच्या झुडपांच्या भिंती आहेत, त्यांच्यामधून एक माणूस जेमतेम जाईल अशा वाटा, मधोमध एक बाकडं, आणि बाहेर पडायला एकच दार. एका कोपऱ्यात लाकडी मचाण. मचाणावर खुर्ची, खुर्चीत हे, गळ्यात शिट्टी. आत शिरलेल्या माणसाला वाटेल तेवढं भटकू द्यायचं ही तिथली रीत. तो कंटाळला किंवा घाबरला की त्यानं हात वर करायचा. हात वर झाला की शिट्टी वाजायची आणि आभाळातून आल्यासारखा आवाज यायचा, "निळा सदरा, डावीकडे." शाळांच्या सहलीतली पोरं घरी गेल्यावरही आठवडाभर एकमेकांना तसंच ओरडायची. त्यातून नाव पडलं ते पडलंच.

हात वर झाल्याशिवाय मात्र ते एक अक्षर बोलत नसत. बायका खालून विनवायच्या, "काका, माझी सासूबाई आत आहे हो, पाय दुखतात तिचे, जरा सांगा ना वाट."

"त्यांनी हात वर केला नाही अजून."

"मी सांगते ना तुम्हाला."

"तिकीट काढून हरवल्यात त्या, ताई. मनासारखं हरवू तर द्या."

आणि खरोखरच सासूबाई मधल्या बाकड्यावर बसून चपला काढून निवांत पाय हलवत असायच्या. हे फक्त मचाणावरून दिसायचं.

तरुणपणी ते बागेत हिरवळीला पाणी घालायच्या कामावर लागले होते. मचाणावरच्या म्हाताऱ्याचा घसा बसला, आणि यांचा आवाज तळ्याच्या पलीकडं ऐकू जायचा, म्हणून यांना वर चढवलं. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. नुकतं लग्न झालेलं एक जोडपं आत गेलं, थोड्या वेळानं दोघांनी हसत हसत हात वर केले, आणि यांनी खणखणीत आवाजात डावं-उजवं सांगायला सुरुवात केली. सांगितलं ते स्वतःचं डावं आणि स्वतःचं उजवं. ती दोघं यांच्याकडे तोंड करून उभी होती. बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि एकमेकांशी बोलत नव्हती.

म्हाताऱ्यानं बसलेल्या घशानं सांगितलं, "अरे बाबा, तुझं डावं तुझ्यापाशी ठेव, त्याचं कुणाला काय करायचंय? आधी खालच्याच्या अंगात शीर. त्याचं नाक कुठं आहे ते बघ, त्याच्या खांद्यावर आपले खांदे ठेव. मग तोंड उघड."

डावेकाका ते शिकले, आणि असे शिकले की पुन्हा विसरता येईना. दिवसभर दुसऱ्याच्या अंगात शिरून राहिलेला माणूस संध्याकाळी पुरता स्वतःत परत येत नाही, थोडा बाहेरच राहतो. समोर कुणी असलं की यांचं डावं त्या माणसाचं डावं व्हायचं. न्हावी म्हणायचा, "मान उजवीकडे," आणि हे आरशातल्या न्हाव्याची उजवी बाजू धरून मान फिरवायचे. एकदा कान थोडक्यात वाचला. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं "थोडं डावीकडे सरका" म्हटलं आणि हे बायकोच्या पायावर चढले. तो फोटो घरात भिंतीवर आहे. त्यात काकूंच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला बघणारे लाज समजतात.

काकू बागेतच, भुलभुलैयाच्या तिकीटखिडकीत बसायच्या. म्हणजे नवरा वर, बायको खाली, मध्ये झुडपं. त्यांना माणसं फक्त आत जाताना आणि बाहेर येताना दिसायची. "जाताना हातात हात असतो," त्या म्हणायच्या, "येताना एक पुढं, एक मागं, आणि पिशवी तिसऱ्याच्याच हातात. मधलं काय ते तुम्हालाच माहीत." मधलं ते कधी सांगायचे नाहीत. वरून पाहिलं तर तोंडं दिसत नाहीत, भांग दिसतात, टक्कल दिसतं, टोप्या दिसतात. प्रत्येक डोकं पुढं चाललेलं असतं, निदान त्याला तसं वाटत असतं. कधीकधी नवरा-बायको एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावल्यासारखे उभे राहून फोनवर भांडत असायचे, "आहेस कुठं तू?" मध्ये वीतभर पाला. हे वर बसून बघत राहायचे. हात वर नाही, तोवर आपण नाही. या कामात जड काय होतं तर एवढंच, शिडी नाही की ऊन नाही, हे दिसणं आणि गप्प राहणं.

एक गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती, आणि बायकोनं ती सगळ्या बागेला. भुलभुलैयातली वाट त्यांना वरून तोंडपाठ होती, पण खालून काडीची कळत नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला एकदा आत गेले तेव्हा माळीबुवांनी बाही धरून बाहेर आणलं होतं. झुडपं कापायचं काम माळीबुवांचं, त्यामुळं यांना पुन्हा आत जायची वेळच आली नाही.

मुलगी मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. पहिल्या पगारातून तिनं बाबांना मनगटी घड्याळ आणलं आणि स्वतःच त्यांच्या डाव्या हाताला बांधलं, कारण डावा हात पुढं करा म्हटल्यावर त्यांनी उजवा केला असता हे तिला ठाऊक होतं.

मग यंदा बागेच्या सगळ्या माणसांची तब्येत तपासायचा हुकूम निघाला. उंचावर काम करणाऱ्यांची जरा जास्त. डॉक्टरीणबाई वयानं मुलीएवढी, बोलायला गोड. टेबलाच्या पलीकडे बसून म्हणाली, "काका, डावा हात वर करा."

काकांनी तिच्या नाकाची दिशा पाहिली, तिच्या खांद्यावर आपले खांदे ठेवले आणि उजवा हात वर केला.

"बरं. आता डावा डोळा झाका."

उजवा झाकला.

"उजव्या हातानं डावा कान धरा."

यावर ते थोडे घुटमळले, आणि मग डाव्या हातानं उजवा कान धरला. डॉक्टरीणबाई खुर्ची सरकवून पुढं आली, तिच्या आवाजात काळजी आली. "काका, असं कधीपासून होतंय?"

"होत नाहीये बाई, मी तुमचं डावं वर करतोय."

तिनं फार मायेनं मान हलवली. पुढच्या तपासण्यांत काही निघालं नाही, पण तिनं शेवटी स्पष्ट विचारलं, "शिडी चढताना गुडघे कापतात की नाही? खरं सांगा." गुडघे कापत होते. हे मात्र कुणाच्याही डाव्या-उजव्यावर ढकलता येण्यासारखं नव्हतं. उंचावरचं काम बंद झालं.

मचाणावर होडीवाल्याला बसवलं. होडीवाल्याला पाण्याची सवय, जिथं कुठूनही कुठंही जाता येतं. त्यानं पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला आपलं डावं सांगितलं. माणसं फिरून फिरून त्याच बाकड्यावर यायची. एक बाई रडल्या. एका धिप्पाड गृहस्थांनी डोकं खाली घातलं आणि सरळ भिंत फोडून बाहेर आले, झुडपात त्यांच्या आकाराचं भोक राहिलं. तक्रारी साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे बागेचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना तळं, होड्या, सायकली, दिवे सगळंच सांभाळायचं होतं, आणि ज्याच्यामागे कमी कटकट ते त्यांना प्रिय.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. "गुडघ्याएवढं कापून टाकू. वाटा तशाच राहतील, मध्ये फुलं लावू, लोक फोटो काढतील. कुणी हरवायचं नाही, मचाण नको, माणूस नको."

डावेकाका तेव्हा पक्ष्यांच्या पिंजऱ्यापाशी दाणे टाकायच्या कामावर होते. ते तिथूनच म्हणाले, "साहेब, गुडघ्याएवढ्या भुलभुलैयात कोंबडीसुद्धा हरवणार नाही."

साहेबांना हसू आलं. "मग द्या ना माणूस. सोमवारी बाग बंद असते. तोवर कुणी वर बसून नीट वाट दाखवणारा मिळाला तर ठेवू. नाहीतर मंगळवारी माळी कात्री घेऊन येतील."

त्या संध्याकाळी घरी ते ताटावर बसले आणि घास तसाच हातात राहिला. घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बागेतल्या झाडांचे शेंडे दिसत. त्यांनी खिडकीकडे पाठ केली होती.

"अगं, एवढं उंच वाढायला त्या झुडपांना माझं सगळं वय लागलं," ते म्हणाले. "कापायला एक सकाळ."

काकूंनी वरण वाढायचा चमचा भांड्यात ठेवला. "मी बसते मचाणावर."

"तू स्टुलावर चढलीस तर डोळे मिटतेस."

"स्टुलावर तुम्ही धरलेलं असतं म्हणून. तुम्ही धरलंय म्हटलं की मला भीती वाटते. शिडीला कठडा आहे."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"अहो, उंचीपेक्षा सध्या मला तुमच्या तोंडाकडं बघायची जास्त भीती वाटते. पिंजऱ्यातले पोपट तरी बरे, ओरडतात तरी. शिकवा मला."

मग जेवणाचं टेबल पुसून त्यावर काड्यापेट्या, वाट्या आणि चमचे मांडून भुलभुलैया झाला. माणूस म्हणून सदऱ्याचं एक बटण. काकू खुर्चीवर उभ्या राहून बटणाला वाट सांगायच्या, हे बटण सरकवायचे. सुरुवातीला बटण वाटीला धडकायचं.

"हे तुझं डावं झालं. बटणाचं सांग."

"बटणाला डावं कुठलं? गोल आहे ते."

"समज ना त्याला नाक आहे."

"नाक असतं तर त्यानं नोकरी सोडली असती."

पण शिकल्या. खिडकीत बसून इतकी वर्षं लोकांची तोंडं बघितली होती, आता पाठी बघायच्या एवढाच फरक. रविवार मावळेपर्यंत त्या बटणाला न चुकता दाराशी आणू लागल्या. दोघंही समाधानानं झोपली. आपण सराव बटणावर केलाय, माणसावर नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सोमवारी बाग रिकामी होती. तळ्यात होड्या बांधलेल्या, साखळ्यांना हिसके देत होत्या. साहेब आले, होडीवाला आला, माळीबुवा खांद्यावर कात्री टाकूनच आले. काकू शिडी चढल्या, मधल्या पायरीवर थांबून डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि वर गेल्या. खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"आत कोण जातंय?" साहेबांनी विचारलं. स्वतः जायचा त्यांचा बेत होता, पण वाटेत चिखल होता आणि पायात नवे बूट. माळीबुवांना वाट ठाऊक, त्यांचा उपयोग नाही. होडीवाला म्हणाला, "मी नाही, मी परवा आत गेलो तर मलाच तिघांनी बाहेर काढलं."

सगळ्यांनी डावेकाकांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि वर खुर्चीत कठडा धरून बसलेली बायको दिसली. ते आत गेले.

माळीबुवांनी त्यांना बाकड्यापर्यंत नेलं आणि स्वतः कुठल्याशा फटीतून दिसेनासे झाले. त्यांच्या कात्रीचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

आत फार शांत होतं. वरून त्यांनी जे हजारदा पाहिलं होतं त्यातलं इथं काही नव्हतं. वर वाटा होत्या, इथं फक्त भिंती. ओल्या पाल्याचा वास, डोक्यावर आभाळाची एक चिंधी, चार बाजूंना तोच हिरवा रंग, जणू सगळ्या दिशांनी मिळून एकच तोंड करून घेतलं होतं. पायाखाली माती लोकांच्या चपलांनी गुळगुळीत झाली होती. इतकी माणसं इथं उभी राहून वर पाहत होती, आणि वर आपण होतो. आता त्यांनी वर पाहिलं. पाल्याच्या कडेवर बायकोचं एवढंसं डोकं दिसलं. त्यांनी हात वर केला.

शिट्टीतून आधी नुसती हवा आली. मग शिट्टी वाजली.

"पांढरा सदरा, डावीकडे."

ते उजवीकडे वळले. समोर भिंत.

"अहो, डावीकडे म्हटलं."

"डावीकडेच आलोय."

"ते उजवं आहे."

ते फिरले. "आता उजवीकडे," वरून आवाज आला, आणि ते डावीकडे वळून दुसऱ्या भिंतीत शिरले. फांदी नाकावर बसली.

काकू चुकत नव्हत्या. त्या शिकवल्याप्रमाणे त्यांच्या अंगात शिरून त्यांचंच डावं सांगत होत्या. आणि ते खाली उभे राहून, जन्माच्या सवयीनं, तिच्या अंगात शिरून तिचं डावं घेत होते. दोघंही एकमेकांच्या जागी जाऊन उभी होती आणि स्वतःच्या जागी कुणीच नव्हतं. संसारात हे असं किती वेळा झालं असेल कुणास ठाऊक, तिथं वर मचाण नव्हतं म्हणून कळलं नाही.

बाहेर होडीवाला तोंडात रुमाल कोंबून हसत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. माळीबुवा एवढ्यात बाहेर येऊन उभे होते, त्यांनी कात्री खांद्यावरून काढून हातात घेतली.

काका पुन्हा बाकड्यापाशी आले होते. त्यांनी हात खाली केला. उद्या हे सगळं गुडघ्याएवढं होणार, आणि तेही आपल्याच पायांनी. काकू गप्प बसल्या होत्या. त्यांच्या गप्प बसण्याचे प्रकार काकांना माहीत होते, पण हा कुठला ते इथून तोंड दिसत नसल्यामुळं कळेना.

मग आवाज आला, शिट्टीशिवाय, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा.

"अहो. घड्याळाच्या हाताकडे वळा."

त्यांनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळ होतं तिथंच होतं. आपण कुणाच्याही अंगात शिरलो तरी ते दुसऱ्या हातावर जाणार नव्हतं. ते तिकडे वळले. वाट निघाली.

"आता सरळ. नाकासमोर. तुमच्या, माझ्या नाही."

ते चालू लागले.

"आता चहाच्या हाताकडे."

कप धरायचा हात त्यांनी नकळत थोडा उचलला आणि तिकडे वळले.

"पुन्हा घड्याळ. हां. थोडं पुढं. आता फाटक्या खिशाकडे."

ते थांबले. झुडपातून आवाज आला, "तो शिवून दे म्हणून किती दिवस सांगतोय मी."

"आधी बाहेर या, मग बोलू."

"किल्ल्या पडतात त्यातून."

"अहो, साहेब ऐकतायत."

ते फाटक्या खिशाकडे वळले, समोर दार होतं, आणि दारात साहेब नव्या बुटांत उभे राहून पोट धरून हसत होते. हसणं आवरल्यावर साहेबांनी माळीबुवांच्या हातातली कात्री घेतली, ती भिंतीला टेकवून ठेवली आणि वर पाहून म्हणाले, "काकू, उद्यापासून वरच बसा. फक्त खिशांची माहिती सगळ्यांना देऊ नका."

शिडी उतरताना काकूंना वेळ लागला. खाली काकांनी कठडा धरला होता. "सोडा ते," त्या म्हणाल्या, "तुम्ही धरलं की हलतं."

आता मचाणावर काकू आणि खिडकीत काका. स्टेशनावरच्या फलकावर शेवटची ओळ नव्यानं रंगवून घेतलीय. काकू कुणालाच डावं-उजवं सांगत नाहीत. घड्याळ असेल तर घड्याळाचा हात, नसेल तर पिशवीचा खांदा, कडेवरचं मूल, भांग पाडलाय ती बाजू. "आजी, काठीकडे वळा." "लाल फ्रॉक, बाबांचा हात धरलाय ना, तिकडे." एका पोरानं खालून विचारलं, "काकू, मी डावखुरा असलो तर?" त्या म्हणाल्या, "मग फीर थोडा वेळ, मी चहा पिऊन येते." हात वर झाल्याशिवाय बोलायचं नाही ही रीत मात्र त्यांनी तशीच ठेवलीय, जरी त्यांच्या जिवावर येतं.

बाग बंद व्हायच्या आधी आत कुणी राहिलंय का ते बघायला काका एक फेरी मारतात. पूर्वी वरून नुसती हाक मारत, आता स्वतः जातात. कुणी राहिलेलं नसतं. मग ते मधल्या बाकड्यावर बसतात, चपला काढतात आणि पाय हलवत राहतात. वर मचाणावर काकूंना पांढरा सदरा आणि टक्कल दिसत असतं. त्या काही बोलत नाहीत. तळ्यावरून होड्यांच्या साखळ्यांचा आवाज येतो, टेकडीवरून लोक सूर्यास्त बघून उतरू लागलेले असतात.

बऱ्याच वेळानं पाल्याच्या वर एक हात येतो, घड्याळाचा.

काकू वाट सांगायला लागतात. खिसा कधीच शिवून झालाय, त्यातून आता काही पडत नाही. तरी शेवटच्या वळणाशी त्या म्हणतात, "फाटक्या खिशाकडे," आणि ते बरोबर तिकडेच वळतात.